बारा शिपायांची आखणी

कप्तान ठाकुरांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा सतरंजीवर उपडा केला, तेव्हा मला वाटलं, आत खिळे आहेत. आवाज तसाच झाला. वाकून बघितलं तर बोटाच्या पेराएवढी माणसं होती. राखाडी, कथलाची, एकमेकांत अडकलेली. कुणाच्या हातात बंदूक, कुणाच्या पाठीवर पिशवी, एकजण गुडघा टेकून बसलेला. चेहरा म्हणजे नाकाचा उंचवटा आणि टोपीची कड, बाकी काही नाही.

“ऐंशी आहेत,” कप्तान म्हणाले. “बावीस वर्षं उघडेबोडके लढतायत माझ्यासाठी. आता त्यांना कपडे घालायचेत. माझी नजर गेली कामातून. तू करशील?”

“आणि डोळे?”

“जमले तर डोळेपण काढ.”

जमले तर, म्हणे. पेणच्या दामूअण्णांच्या मुलीला हे असं विचारायचं. मला राग आला आणि त्याच रागात मी हो म्हणाले.

पेण म्हणजे गणपतींचं गाव. आमचा कारखाना तीन पिढ्यांचा. मूर्ती घडते मातीतून, रंगते पाच-सात हातांतून, पण सगळ्यात शेवटी तिचे डोळे काढतात त्याला आखणी म्हणतात, आणि आखणी एकाच हाताची असते. आमच्याकडे तो हात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. बायका माती मळायच्या, साचे भरायच्या, दागिने रंगवायच्या. मी तर सोंडेवरची नक्षी अशी काढायचे की मुंबईचे व्यापारी माझं नाव विचारायचे. पण कुंचला डोळ्यापाशी पोचला की तो माझ्या हातातून काढून घेतला जायचा. का, असं विचारलं तर अण्णा म्हणायचे, “असंच असतं.” त्या वर्षी अण्णांचा हात कापायला लागला होता. अक्षय्य तृतीयेला हंगामातल्या पहिल्या मूर्तीची आखणी करायची आमच्या घरची रीत, आणि यंदा आखणीच्या पाटावर माझा चुलतभाऊ मंगेश बसणार, हे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. मंगेश वाईट नव्हता. त्याचे डोळे स्वच्छ, सारखे आणि मेलेले असत. मी चोवीस वर्षांची होते आणि मला तो पाट हवा होता. दुसरं काहीही नको होतं.

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं की कप्तानकाकांचे शिपाई रंगवणार आहे.

“रंगव की,” अण्णा म्हणाले. “पण त्याला आखणी म्हणू नकोस. खेळण्याला आखणी नसते.”

“आणि ते बघायला लागले तर?”

“कोण?”

“शिपाई.”

अण्णा हसले. त्यांना माझी चेष्टा करायला आवडायचं. “शिपाई बघायला लागले ना, तर तृतीयेला पाटावर तू बस. मंगेशला मी फेटा बांधून वऱ्हाडात पाठवतो.”

ते गमतीत म्हणाले. पण अण्णा गमतीत बोललेला शब्दसुद्धा परत घेत नसत, आणि हे मला जितकं माहीत होतं तितकंच त्यांनाही. बोलून झाल्यावर ते उगाच चष्मा पुसत बसले.

ठाकूरकाका कधीच कप्तान नव्हते. मालवाहू जहाजांवर ते चीफ इंजिनियर होते, पण पेणमध्ये जो जहाजावर गेला तो कप्तान, मग तो तिथे कांदे का सोलत असेना. मिठागरांच्या बाजूला शेवटचं घर त्यांचं. दुपारी त्या बाजूला बघवत नसे. मिठाचे ढीग पांढरे, आभाळ पांढरं, मधला रस्ता पांढरा, आणि त्यातून चालताना आपणही हळूहळू पुसले जातोय असं वाटायचं. होळीच्या आधीपासून मी रोज जेवण झालं की त्या पांढऱ्यातून चालत जायचे.

पहिले पंधरा दिवस एकही शिपाई रंगला नाही. आधी बैठक पाहिजे, असं काकांचं म्हणणं. त्यांच्याकडे जहाजावरच्या जुन्या सागवानी फळ्या होत्या. त्यांचं टेबल करायचं ठरलं.

“मी जमिनीवर बसून करते,” मी म्हणाले. “आमच्याकडे पाट असतो.”

“तुमचा देव दोन फुटांचा. हा इंचभराचा आहे. याला जमिनीवर ठेवलास तर तू त्याच्यावर दरड कोसळल्यासारखी वाकशील. कोपर टेकायला हवं, आणि शिपाई डोळ्यांसमोर.”

त्यांनी मला खुर्चीत बसवून माझ्या कोपरांची उंची मोजली. फळीच्या पुढच्या कडेला माझ्या पोटाशी येईल असा अर्धचंद्र कापला, म्हणजे दोन्ही कोपरं फळीवर राहतात आणि हात लटकत नाहीत. भोवती बोटभर उंचीची पट्टी ठोकली.

“ही कशाला?”

“जहाजावर सगळ्या टेबलांना असते. दर्या हलला तर ताट मांडीत येऊ नये म्हणून.”

“इथे कुठे हलतोय दर्या?”

“तुझा हात लागून एखाद्याची तलवार खाली पडली की मग शोध. आयुष्य जाईल.”

टेबल त्यांनी उत्तरेच्या खिडकीशी लावलं. तिथे ऊन कधीच येत नसे, नुसता उजेड. कुंचल्यांसाठी भोकं पाडली, वर मान वळणारा दिवा बसवला. फळीला अजून कुठल्याशा बंदराचा वास होता, तेलाचा आणि खाऱ्या लाकडाचा. दुपारी दोनच्या सुमाराला मिठागरावरचा वारा खिडकीतून यायचा आणि मला खरंच वाटायचं की ती खोली हलतेय, अगदी थोडी, आणि आम्ही दोघं कुठेतरी निघालोय.

मग शिपायांची आंघोळ. साच्यातून सुटावेत म्हणून त्यांना तेलकट काहीतरी फासलेलं असतं, ते निघालं नाही तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. एका घमेल्यात साबणाचं कोमट पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे अंगावर एक बारीक रेघ उठते, डोक्यापासून बुटापर्यंत. ती कानशीने घासून काढायची. आमच्या गणपतींनाही ती असतेच, त्यामुळे माझा हात आपोआप चालायचा. मग एकेकाला बाटलीच्या बुचावर चिकटवायचं, म्हणजे बुच धरायचं, माणसाला हात लागत नाही.

रंगाखालच्या अस्तरावरून आमचं भांडण झालं. मी पांढरं म्हणत होते, ते काळं.

“आमच्याकडे सगळं पांढऱ्यावर चढतं. काळ्यावर रंग मरतो.”

“काळ्यावर सावली फुकटात मिळते. शिपाई आहेत, मोदक खायला बसलेले नाहीत.”

शेवटी कपडे काळ्यावर आणि चेहरे पांढऱ्यावर, असा तह झाला.

काकांचा खेळ मला तेव्हा समजला. शेजारच्या खोलीत मोठं मेज होतं, त्यावर हिरव्या कापडाची जमीन, काचेच्या चुऱ्याची नदी, एक पूल आणि अलीकडे सुतळीचे तुकडे चिकटवून केलेलं पिवळं शेत. वर्षातून एकदा, चैत्रातल्या शेवटच्या रविवारी, काका आणि निवृत्त झालेले आठल्ये मास्तर समोरासमोर बसत. फासे टाकायचे, फूटपट्टीने अंतर मोजायचं, शिपाई सरकवायचे. दर वर्षी लढाई तीच. काकांच्या माणसांनी पूल ओलांडून सुटायचं, मास्तरांच्या फौजेने मागून गाठायचं. काका दर वर्षी त्या पिवळ्या शेतात बारा माणसं मागे ठेवत. मास्तरांची फौज त्या बाराजणांना संपवण्यात अडकायची, तेवढ्यात बाकीचे पलीकडे. बारा परत डब्यात, काका विजयी.

“हा गृहस्थ दर वर्षी बाराजणांचं श्राद्ध घालतो आणि वर पेढे मागतो,” मास्तर म्हणायचे. “मी दुसरीकडून यावं म्हणतो, पण याचं शेत असं ठेवलंय की दुसरीकडून येताच येत नाही.”

“तुम्हीच का नाही बदलत लढाई?” मी काकांना एकदा विचारलं.

“अजून नीट झाली नाही,” ते म्हणाले. मला ते कळलं नाही. बावीस वेळा जिंकलेल्याला आणखी नीट काय करायचं असतं.

चैत्र लागला आणि मी डोळ्यांना हात घातला. आखणीचा कुंचला मी अण्णांच्या डब्यातून चोरला होता, खारीच्या केसांचा. त्यातलेही केस काढून टाकत टाकत तीन ठेवले. रंग दुधाहून पातळ, आणि श्वास सोडून झाल्यावर पुढचा श्वास घ्यायच्या आधी जी रिकामी जागा असते, तेवढ्यात रेघ. आमच्याकडे डोळा काढत नाहीत, नजर काढतात. मूर्ती मखरात बसते, माणूस तिच्यापुढे हात जोडून उभा राहतो किंवा बसतो. बुबुळ कुठे ठेवलं की ती नजर बरोबर त्याच्या नजरेला मिळेल, एवढीच सगळी विद्या. मी लहानपणापासून अण्णांच्या पाठीमागे उभी राहून ती चोरलेली होती. इथे मला एकच फरक दिसला. हे शिपाई खाली असणार आणि त्यांचा माणूस वर. म्हणून मी बुबुळं वरच्या पापणीला टेकवली.

त्या दिवसांत मला नीट झोप आणि नीट जाग दोन्ही नव्हती. डोळे मिटले की पांढऱ्या मिठागरातून बोटाएवढी माणसं चालताना दिसायची, न बोलता, आणि त्यांच्या मधून एखादा गणपती, तोही बोटाएवढा, पाठीवर पिशवी घेऊन. एकदा मी जेवताना थाळीतल्या मिठाच्या खड्याकडे बघत बसले तर आई म्हणाली, “अगं, नजर लागेल त्याला.” टेबलाशी बसलं की वेळ नावाची गोष्ट उरायची नाही. एक डोळा उघडायचा, मग दुसरा, आणि दुसरा उघडला रे उघडला की त्या इवल्याशा कथलात कुणीतरी हळूच येऊन उभं राहायचं. मी खोटं सांगत नाही. ऐंशी वेळा माझ्या अंगावर काटा आला.

काकांना मी काहीच दाखवलं नव्हतं. रंगलेल्यांवर कोरडं फडकं टाकून ठेवायचे. रविवारीच बघा, असं सांगितलं होतं.

रविवारी अण्णांना मीच ओढून आणलं. मास्तर आधीच येऊन पन्हं पीत बसले होते. काकांनी जाड भिंगाचा चष्मा लावला आणि मी फडकं काढलं. मेजावर ऐंशीजण उभे होते, निळे अंगरखे, तांबडे गळपट्टे, गालांवर उन्हाचा रंग. काका खुर्चीत बसले, वाकले आणि तसेच राहिले.

“हे... हे माझ्याकडे बघतायत,” ते म्हणाले.

“सगळे,” मी म्हणाले. मला फार आनंद झाला होता. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा मेजाच्या पलीकडे उभे होते, त्यांच्या बाजूने त्यांना नुसत्या टोप्या दिसत असणार.

खेळ सुरू झाला. पुलाशी गर्दी झाली, मास्तरांनी घरून आणलेले करडे शिपाई मागून येत गेले. काकांनी सवयीने बाराजण वेगळे काढले. त्यांना पिवळ्या शेताच्या कडेपर्यंत आणलं आणि थांबले. पहिल्या शिपायावरचं बोट त्यांनी उचललं. परत ठेवलं. परत उचललं.

“ठाकूर, घाल की आत,” मास्तर म्हणाले. “माझं पन्हं गरम झालं.”

काकांनी ते बाराही जण उचलून पुलाकडे नेले. इतरांच्या मागे, रांगेत. पुलावर मग अशी दाटी झाली की कुणालाच हलता येईना, आणि मास्तरांनी चार फाशांत सगळी फौज कापून काढली. बावीस वर्षांत पहिल्यांदा जिंकलेल्या माणसाला जेवढा हर्ष व्हायला हवा तेवढा मास्तरांना झाला, आणि मग काकांचा चेहरा बघून तो तसाच जिरला.

“काय रे, बरं वाटत नाही का?”

“पाणी दे गं इंदू,” काका म्हणाले.

मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही. हातात धरून बसले आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता सांगू लागले.

“इंजिनरूमला आग लागली होती. जहाजावर चोवीस माणसं. अशी आग पाण्याने विझत नाही. दारं बंद करायची आणि आत गॅस सोडायचा. आग गुदमरते. हुकूम माझा होता. मोजणी केली तर बावीस वर आले होते. हसन आणि अँथनी आत. चार मिनिटं थांबलो, त्याहून थांबता येत नव्हतं. दाराला एक गोल काच असते, एवढीशी, बशीएवढी. मी त्या काचेतून बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्याच्याने गॅसचा दांडा फिरवला गेला नसता. पाठ केली आणि फिरवला.” त्यांनी पेला खाली ठेवला. “बावीसजण वाचले. कंपनीने मला शाल दिली. सगळे म्हणाले, बरोबर केलंत. बरोबरच केलं. मीही दर वर्षी ते बरोबर करून बघतो.”

मास्तरांनी फासे गोळा करून खिशात घातले, ते काकांचे होते हे विसरून. अण्णा वाकले, पिवळ्या शेताशी आडवा पडलेला एक शिपाई उचलून त्यांनी स्वतःकडे वळवला. त्यांच्या कापऱ्या हातात तो चालत असल्यासारखा दिसत होता. बराच वेळ त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग ठेवून दिला आणि म्हणाले, “चल.”

मिठागरांच्या रस्त्यावर उन्हं कलली होती आणि सगळं पांढरं आता गुलाबी झालं होतं. अण्णा माझ्या पुढे चार पावलं चालत होते.

“बघायला लागले ना?” मी शेवटी म्हणाले. पाट सोडायची माझी तयारी नव्हती.

“लागले.” ते थांबले. “हात तुझा माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी दुसऱ्यांदा म्हणणार नाही, आत्ताच ऐकून घे.”

“मग पाट माझा.”

“आपली मूर्ती किती दिवसांची असते?”

“दीड, पाच, सात, दहा.”

“पुढे?”

“पुढे विसर्जन.”

“करतो कोण? आपण करतो का? ज्याने दहा दिवस तिच्यापुढे नैवेद्य ठेवला, आरत्या म्हटल्या, तो माणूस तिला कडेवर घेऊन पाण्यात उतरतो आणि हात काढून घेतो. त्याला हात काढता आला पाहिजे, इंदू. तेवढं बळ त्याला आपण द्यायचं असतं, डोळ्यांतून. तुझी नजर म्हणते, धर. माणूस सुटतच नाही तिच्यातून.”

“मंगेशच्या डोळ्यांतून सुटतो?”

“त्याच्या डोळ्यांत अडकतोच कुठे.”

मी रडले नाही, पण तेवढ्यावर आले होते. “काका आधी सोडतच होते की दर वर्षी. मी डोळे काढले आणि बिघडलं.”

“तो सोडत नव्हता,” अण्णा म्हणाले. “चेहरा नसलेल्याला सोडलं तर त्याला सोडणं म्हणत नाहीत.” मग ते परत चालायला लागले आणि पाठमोरेच बोलले. “तृतीया बुधवारी आहे. त्या बाराजणांची नजर अशी कर की ठाकूर त्यांच्याकडे बघेल आणि जाऊ देईल. जमलं तर पाट तुझा.”

सोमवारी सकाळी मी टेबलाशी जाऊन बसले आणि दुपारपर्यंत कुंचला उचलला नाही. उघडलेला डोळा पुसायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. चुकला तरी पुसायचा नाही. म्हणजे आहे त्यात भर घालूनच काय ते करायला हवं होतं. बाराजण समोर उभे होते आणि माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात एकच गोष्ट होती: आम्हाला ने. मी ती घातली होती. मला पाट हवा होता ना, मग मी तसंच बघत होते दिवसभर अण्णांकडे, आणि तेच उतरलं होतं त्यांच्यात. हे कळलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

मग बहुतेक मला डुलकी लागली. खोली हलत होती. बाहेर पाणी होतं, पार आभाळापर्यंत, सपाट. दाराला बशीएवढी गोल काच आणि तिच्या पलीकडे दोन चेहरे. मी जवळ गेले. मला वाटलं होतं ते ओरडत असतील, काच बडवत असतील. ते नुसते बघत होते. त्यांना दांडा माहीत होता, चार मिनिटं माहीत होती, वरची बावीस माणसं माहीत होती. आपला मुलगा परगावी निघाला की आई एस. टी. च्या खिडकीत बसलेल्या त्याच्याकडे खालून बघते, रडत नाही, त्याचं निघणं लांबू नये म्हणून, तसं ते बघत होते. मी जागी झाले तेव्हा गालाला टेबलाची पट्टी रुतली होती.

मी कातडीचा रंग कालवला, पातळ. बुबुळांना हात लावला नाही. वरची पापणी तेवढी केसभर खाली आणली. एका केसाचं अंतर. मग दुसरा डोळा. बारा माणसं, चोवीस पापण्या. मंगळवारी दुपार उतरेपर्यंत मी तेच करत होते. ते अजूनही वर बघत होते, बघणाऱ्याच्या डोळ्यांत डोळा घालूनच. फक्त आता मागत काही नव्हते.

अण्णा आले, पण आत आले नाहीत. ओसरीवर पायरीला बसले. मी बाराजण नेऊन पिवळ्या शेताच्या कडेला ठेवले आणि काकांना हाक मारली. मास्तर नव्हते, फासे नव्हते. मी दाराशी उभी राहिले.

काका चष्मा लावून बसले. मी मनात आकडे मोजत होते, साठाच्या पुढे विसरले. त्यांनी पहिल्याला दोन बोटांत धरलं, अगदी डोळ्यांपाशी नेलं आणि बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी मेजावर हात टेकून स्वतःला सावरलं.

“हसन,” ते म्हणाले आणि त्याला शेतात ठेवलं. बोट काढून घेतलं.

दुसरा उचलला. “अँथनी. चोवीस वर्षांचा होता बघ, इंदू. सारखी शीळ घालायचा.” त्याला हसनशेजारी ठेवलं. त्याचं तोंड नीट पुढे केलं. मग बोट काढून घेतलं.

पुढच्या दहाजणांची नावं त्यांना माहीत नव्हती. पण ते प्रत्येकाकडे बघत होते, घाई न करता, आणि प्रत्येकाला एकच शब्द म्हणत होते, “जा.” शेवटचा ठेवून झाल्यावर ते दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले आणि रडले. मोठा, जाडजूड माणूस, आवाज न करता. मी जवळ गेले नाही. जाऊ नये असं वाटलं.

पुष्कळ वेळाने ते उठले आणि ओसरीवर जाऊन अण्णांच्या शेजारी पायरीवर टेकले. मी त्यांच्या मागे उभी होते. समोर मिठागरात कुणीतरी फावड्याने मीठ ओढत होतं, त्याचा आवाज उशिरा पोचत होता.

“गेले?” अण्णांनी विचारलं.

“गेले.”

अण्णांनी मान हलवली. दोघंही मिठाकडे बघत राहिले. मग अण्णांनी कापरा हात दुसऱ्या हाताने दाबून धरला आणि मागे न वळता म्हणाले, “उद्या सकाळी लवकर न्हाऊन खाली ये. मंगेशला मी सांगतो.”

हवं ते मिळालं होतं आणि ते आता माझंच आहे असं वाटत नव्हतं. या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं होतील. दर अनंत चतुर्दशीला मी खाडीच्या काठावर जाऊन उभी राहते, घरची मूर्ती सोडायला नव्हे, लोकांचे हात बघायला. छातीइतक्या पाण्यात उभी माणसं माझ्या हातच्या डोळ्यांकडे शेवटचं बघतात, आणि मी श्वास धरून थांबते, त्यांनी हात काढून घेईपर्यंत.